आवडाबाईची डावी गाठ

हे हृदयस्था विठ्ठला! तू उंच शिखरावर राहत नाहीस, सातासमुद्रांपलीकडे राहत नाहीस. तू राहतोस माणसाच्या छातीत, जरा डावीकडे, मुठीएवढ्या गाभाऱ्यात. तिथे तुझा टाळ जन्मापासून वाजतो. आम्ही झोपतो, तो झोपत नाही. आम्ही तुला विसरतो, तो ठेका विसरत नाही. देवा, त्या गाभाऱ्याचे दारच आवळत गेले, तर आत कोंडलेला तू आणि बाहेर तळमळणारे आम्ही, दोघांनी हाक मारायची कोणाला? हा प्रश्न तुझ्या विटेपाशी ठेवून, जिच्या छातीत ते दार खरोखरच आवळत चालले होते तिची कथा आता सांगायची. तिचे नाव आवडाबाई गोमाजी कोळी. गाव कोलशेत, घर खाडीच्या काठावर, धंदा मासळीचा आणि स्वभाव शंकेखोर.

होय, शंकेखोर. लोक हे पाठीमागे म्हणत नसत, तोंडावर म्हणत, आणि ती ते मानाने ऐकून घेई. "आवडाबाय देवाचा परसादसुद्धा वास घेऊनच तोंडात टाकते," असे शेजारणी हसत. रेडिओवर वादळाची बातमी आली की ती आधी अंगणात येऊन आभाळ बघे आणि मग रेडिओकडे बघे, जणू दोघांतला एक नक्की खोटा. मासळी घेताना कल्ला उघडून आतला रंग पाहिल्याशिवाय, बोटाने पोट दाबल्याशिवाय तिने कधी पाटीत मासा टाकला नाही. आणि एक नेम तर असा, की ज्या होडीचे नाव ठाऊक नाही त्या होडीची मासळी तिच्या पाटीत नाही. गिऱ्हाईक विचारो न विचारो, ती सांगणार: "हा दामाजीच्या होडीचा. ही कोळंबी माझ्या चुलतदिराची." नाव सांगून विकायचे, नाव विचारून घ्यायचे. हाच तिचा धर्म, हेच तिचे भजन.

तिची दुसरी ओळख होती गाठ. जाळी विणणाऱ्या प्रत्येक घराची आपली एक खूण असते. पाण्यात सगळी जाळी सारखीच. ओहोटीने एखाद्या जाळ्याचा तरंगता बोया ओढून नेला आणि तो कोणाच्या दोरात अडकला, तर तो कोणाचा हे कळावे कशाने? गाठीने. गोमाजीच्या घराची गाठ तीन वेढ्यांची, आणि शेवटचे टोक उलटे आत खोवलेले. नवी नवरी होऊन आवडा त्या घरात आली तेव्हा सासऱ्याने दागिन्याआधी तिच्या हाती निळा दोरा दिला आणि गाठ शिकवली. पण आवडा डावखुरी. घरातल्या साऱ्यांची गाठ उजवीकडे कलायची, तिची डावीकडे. तिला वाटले, आता बोलणी बसणार. सासरा मात्र गाठ निरखून म्हणाला, "ऱ्हाऊ दे. गाठ घराची, कल पोरीचा." त्या एका वाक्यावर त्या माउलीने त्या घराला जन्म वाहिला.

पुढे खाडी आजारी पडली. काठावर कारखाने उभे राहिले, पाण्याला उग्र वास येऊ लागला, ओढलेल्या जाळ्यात मासळी कमी आणि काळा चिखल जास्त येऊ लागला. गोमाजीने जाळे वाळत घातले ते कायमचे आणि वागळे इस्टेटीतल्या एका वर्कशॉपात तो कामाला लागला. पाण्यावरचा माणूस लोखंडात गेला. १९८६ साली पत्र्यांची थप्पी त्याच्या मांडीवर कोसळली. जवळच्या दवाखान्यात नेले, तोवर धोतर लाल झाले होते. डॉक्टर म्हणाले, रक्त लागेल. त्या दिवसांत रक्त विकत मिळे. एक माणूस दोन बाटल्या घेऊन आला. बाकीचे सगळे पळापळीत, आवडाबाईने मात्र आपल्या नेमाप्रमाणे विचारले, "कुनाचं हाय?"

तो माणूस म्हणाला, "रक्ताला नाव नसतं, मावशी."

बाटल्या चढल्या. जखम भरली. गोमाजी काठी टेकत अंगणात हिंडू लागला. आणि अडीच महिन्यांनी एका सकाळी त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. कावीळ आली ती त्या बाटल्यांतून आली, असे मोठ्या दवाखान्यात सांगितले. पोट फुगले, अन्न सुटले. शेवटच्या आठवड्यात तो सारखा आपल्याच हाताकडे बघे आणि म्हणे, "आवडे, माझ्या अंगात ह्यो कोन शिरलाय गं? कुनाचं होतं ते?"

साऱ्या कोलशेतात प्रत्येक होडीचे नाव सांगणारी ती बाई, तिला ह्या एका प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. गोमाजी उत्तर न मिळताच गेला. तेराव्यानंतर तिने गावदेवीपुढे ओटी ठेवली आणि हात जोडून म्हणाली, "आये, माझ्या अंगात दुसऱ्याचं रगत जानार नाय. जीव गेला तरी नाय." देवीने ऐकले. शेजारणींनी ऐकले. अठरा वर्षांच्या रघुने, तिच्या एकुलत्या एक मुलानेही ऐकले.

आठ वर्षे गेली. आवडाबाई पाटी डोक्यावर घेऊन वर्तकनगरातल्या वसाहतींचे जिने चढत होती. तिच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत एक होती मंजुळा, न्यासाच्या रुग्णालयात शस्त्रक्रियागृहातली परिचारिका. मंजुळाच्या खोलीत शिरताच समोर बुद्धाची मूर्ती. तिच्यापुढच्या थंडगार लादीवर आवडाबाई पाटी उतरवून दम खाई. तो दम हळूहळू लांबत चालला, हे मंजुळाच्या नजरेतून सुटले नाही.

"मावशी, ओठ निळे पडलेत तुमचे."

"पान खाल्लंय."

"पानानं ओठ लाल होतात."

"मग तुझी नजर निळी झाली असंल. बोंबील घेतेस का जाऊ?"

मंजुळाने बोंबील घेतले आणि मावशीला हाताला धरून रुग्णालयात नेले. लहानपणी सांधे सुजून जो ताप आला होता, त्या तापाने जाताना हृदयाच्या झडपेवर आपला दात ठेवला होता. झडपेचे काठ एकमेकांना चिकटत चालले होते. छाती उघडून ते मोकळे करायला हवेत. नाहीतर वर्ष, फार तर दीड वर्ष.

रघु तिला मुंबईच्या दोन मोठ्या रुग्णालयांत घेऊन गेला. दोन्हीकडे तिने आपली अट सांगितली, दोन्हीकडे कागद परत हाती आला: रक्त नाही तर शस्त्रक्रिया नाही. एक डॉक्टर तर हसले. आवडाबाईने त्या हसण्याचाही संशय घेतला. "बाटलीवाल्याशी ह्याचं साटंलोटं असनार," ती घरी येऊन म्हणाली.

शेवटी मंजुळाने तिला आपल्या रुग्णालयातल्या डॉक्टर टिपणिसांसमोर बसवले. टिपणीस कमी बोलणारे, चष्मा सारखा पुसणारे गृहस्थ. त्यांनी सगळे ऐकून घेतले. हसले नाहीत.

"आवडाबाई, दुसऱ्याचं रक्त न देता मी प्रयत्न करीन."

"म्हंजी माझंच देनार?"

"हो. आधी तीन महिने तुमचं रक्त वाढवायचं. मग आठवड्या-आठवड्याने थोडं थोडं काढून जपून ठेवायचं. लागलं तर तेच परत द्यायचं."

"माझंच काढशील, माझंच घालशील. मग ह्यात तुझा फायदा काय, डागदरा?"

रघु खुर्चीत अंग चोरून बसला. टिपणिसांनी चष्मा पुसला. "फायदा नाही. धोका आहे. ते पुरलं नाही, तर तुम्ही टेबलावर जाल आणि मी बघत राहीन."

हे उत्तर आवडाबाईला आवडले. खोटे बोलणारा माणूस असे बोलत नाही. पण तेवढ्याने तिची शंका निवणार नव्हती. "मना झोपवल्यावर तू काय घालशील, ते मना काय ठावं?"

"कागदावर लिहून देतो."

"कागद तुझा, शाई तुझी. मना वाचता येत नाय."

"मग तुम्हीच सांगा, कशावर विश्वास ठेवाल?"

तिने कनवटीचा निळा दोरा काढला. घराची गाठ तीन वेढ्यांत बांधून त्यांच्यापुढे धरली. "माझ्या हरेक पिशवीला मी ही बांधनार. हा दोरा असंल ती पिशवी माझी. दोरा नसंल तर माझ्या अंगाला लावायची नाय. न काम झालं का सगळं दोरं मना परत पायजेत."

डावीकडच्या कलाबद्दल मात्र ती एक अक्षर बोलली नाही. ते तिचे शेवटचे कुलूप होते. कोणी लबाडी करून तशीच गाठ बांधलीच, तर ती उजवीकडे कलेल, आणि तिला कळेल. डॉक्टरला सांगितले नाही, मंजुळाला सांगितले नाही, पोटच्या रघुलाही सांगितले नाही. रघु गाठ शिकला होता बापाकडून, दहा वर्षांचा असताना. पुढे तोही वागळे इस्टेटीत कामाला लागला आणि तिथल्या यंत्रांनी त्याच्या बोटांना जाळे विसरायला लावले होते.

रघुने तिला रिक्षातच धरले. "आई, मी तपासून आलेलो. माझा ग्रुप तुझाच आहे. माझं घे ना! मी काय परका आहे?"

"वासरानं गाईला दूध पाजलेलं कवा ऐकलंस?"

"अगं, मरशील तू!"

"तुझ्या अंगातलं माझ्यातूनच गेलंय रं पोरा. दिलेलं परत घेनारी आई नाय मी." आणि थोड्या वेळाने, खाडीकडे तोंड करून: "न देवीला काय सांगू? तुझा बाप इचारत गेला."

रघु गप्प झाला. तो लवकर गप्प झाला, हे तिला खटकले. तिचा मुलगा असा लवकर गप्प होणारा नव्हता.

तीन महिने तिने लोहाच्या गोळ्या गिळल्या, सुया घेतल्या, सुनेने, कलावतीने, रांधलेली कालवे आणि पालेभाज्या खाल्ल्या. गोळीचा रंग बदलला की ती मंजुळाला वेठीला धरी.

"काल लाल होती, आज काळी का?"

"कंपनी वेगळी, मावशी. औषध तेच."

"असं मी पन सांगते, पापलेट संपलं का."

मग तीनदा ती खाटेवर निजली, तीनदा तिच्या दंडातून रक्त पिशवीत उतरले. तीनही वेळा मंजुळा जवळ उभी होती; तिने पिशवीचा नंबर आपल्या छोट्या वहीत टिपला, आणि तीनही वेळा आवडाबाईने स्वतःच्या हाताने, धापा टाकत, पिशवीच्या गळ्याला निळा दोरा बांधला. ते रक्त ती बराच वेळ बघत राही. गोमाजीच्या बाटलीला नाव नव्हते. ह्या पिशवीला आहे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात घरातले दोऱ्याचे रीळ जागचे हललेले दिसले. टोक नवे कापलेले.

"कलावते, रीळ कोनी घेतलं?"

"उंदीर असंल, आत्या."

"उंदीर कुरतडतो. कापत नाय."

सून चुलीकडे वळली. आवडाबाईने रीळ उचलून उशाखाली ठेवले. पण चोर रीळ नेऊन बसला नव्हता. हातभर दोराच तेवढा त्याला हवा होता.

१९९५ चा मार्च. सकाळी आठ वाजता तिला आत नेले. दारात तिने टिपणिसांचा हात धरला. "डागदरा, दोरा."

"दोरा," ते म्हणाले.

मग अंधार. आणि अंधारानंतर घशात नळी, छातीवर दगड, कानांत यंत्राची टकटक. दुसऱ्या दिवशी नळी निघाली. तिने पहिला शब्द उच्चारला तो देवाचा नाही, मुलाचा नाही. "दोरं."

मंजुळाने पांढऱ्या कापडाची छोटी पुडी तिच्या तळहातावर ठेवली. "सगळे आहेत, मावशी. सरांनी सांगितलंय, टेबलाशी आलेला एकही दोरा मागं ठेवायचा नाही. एक गोष्ट सांगायची आहे, पण..."

आवडाबाईने पुडी उलगडली होती. डावी गाठ. डावी गाठ. डावी गाठ. आणि चौथी... उजवी.

तिने तोंड भिंतीकडे फिरवले. मंजुळाला वाटले, कळ आली. तिने उशी सारखी केली आणि म्हणाली, "पडा. नंतर बोलू."

सज्जनहो, माणसाला घाव बसला तर तो ओरडतो. विश्वासाला घाव बसला तर तो गप्प होतो. तीन दिवस ती गप्प होती. ज्या पिशवीला तिने दोरा बांधलाच नव्हता त्या पिशवीला दोरा होता. आणि दोरा असेल ते रक्त चढवायचे, हा शब्द तिनेच दिला होता. तिच्याच खुणेने तिला फसवले होते. कोणी? टिपणिसांनी? म्हणून तर तो हसला नव्हता! मंजुळाने? म्हणून तर ती अडखळली! ती आपल्या छातीतला ठोका ऐके. आता तो मोकळा होता, भरदार होता, लहानपणच्या त्या तापानंतर एवढा स्वच्छ कधी वाजला नव्हता. आणि तिला त्याचाच संशय येई. हा ठोका माझा, का त्याचा? माझ्या अंगात हा कोण शिरलाय? गोमाजीचा प्रश्न नऊ वर्षांनी तिच्या ओठांवर आला होता, आणि उत्तर पुन्हा कोणापाशी नव्हते.

ती जेवेना. फुंकर घालायची व्यायामाची नळी तोंडाला लावेना. ताप चढला. टिपणीस येत, नाडी बघत, ती डोळे मिटून घेई. "आवडाबाई, छाती साफ झाली नाही तर आम्ही केलेलं सगळं वाया जाईल."

तिसऱ्या दिवशी दुपारी, डोळे मिटूनच, तिची बोटे त्या चौथ्या गाठीवरून फिरत होती. जाळेवालीची बोटे डोळ्यांपेक्षा शहाणी. तीन वेढे, खोवलेले टोक, आणि ते टोक अंगठ्याने दाबून चपटे केलेले. तिचे बोट तिथेच थांबले. टोक असे चपटे करायची सवय जगात एकाच माणसाची होती, आणि त्याला जाऊन नऊ वर्षे झाली होती. क्षणभर तिला वाटले: गोमाजी आला होता की काय? मग तिला आठवले, त्याने ती सवय कोणाला दिली होती.

संध्याकाळी भेटीच्या वेळेला रघु आला. तिने तळहात पुढे केला.

"कुनाची गाठ ही?"

"तुझीच ना."

"माझी डावीकडं कलते. सासऱ्यानं येकट्यानं वळखलेली. तू माझ्या पोटातून आलास न तुला ठावं नाय."

रघुचा चेहरा पडला. तो खाटेच्या कडेला बसला, मग उठला, मग पुन्हा बसला. "मी दिलेलं, आई. रक्तपेढीत आपला दगडू आहे, माझ्यासोबत शाळेत होता, सामान वर-खाली नेतो. त्याला पटवलं. दोरा मी बांधलेला. म्हटलं कमी पडलं तर... म्हटलं तुला कळणारच नाही." त्याने खाटेची कड धरली. "बाबा गेले तेव्हा मी बघत उभा होतो. पुन्हा नाही उभं राहायचं होतं मला. शिव्या घाल. पण तू जिवंत आहेस ना? माझ्या रक्तानं आहेस!"

तिने शिव्या घातल्या नाहीत. तेच त्याला सोसले नाही. ती एवढेच म्हणाली, "डागदराला बोलव."

टिपणीस आले, मागे मंजुळा. आवडाबाईने उजवी गाठ वर धरली. "ह्याचं रगत माझ्यात घातलंस?"

"नाही," टिपणीस म्हणाले.

रघुने चमकून मान वर केली.

"मंजुळा, घेऊन या," ते म्हणाले. ती गेली आणि बर्फाची पेटी घेऊन आली. पेटीत एक पिशवी होती. भरलेली, गडद लाल, फुगीर. गळ्याला दोरा नव्हता.

मग मंजुळाने सांगितले. झडपेचे काठ मोकळे झाले, हृदयाचे काम करणारे यंत्र काढले, हृदय आपले आपण चालू लागले. पण रक्त थांबेना. तीनही पिशव्या संपल्या. दाब उतरत चालला. तेव्हा भूल देणारे डॉक्टर म्हणाले, चौथी आहे. तिलाही निळा दोरा आहे.

"मी वही काढली, मावशी. नंबर तीनच. तुम्ही खाटेवर तीनदा निजलात, तीनही वेळा मी तिथं होते. मी म्हटलं, सर, ही मावशीची नाही. भुलीचे डॉक्टर म्हणाले, दोरा आहे ना? अट दोऱ्याचीच होती."

"बरोबर हाय," आवडाबाई हळूच म्हणाली. "मीच बोललेलं."

"आणि टिपणीस सर म्हणाले, अट दोऱ्याची नव्हती. अट तिच्या रक्ताची होती. दोरा ही नुसती खूण."

अहो, काय वाक्य हे! माळा, मुद्रा, गंध, टिळे, साऱ्या खुणाच. आणि खूण खोटी पडली तरी जिची ती खूण ते सत्य सांभाळणारा माणूस एखादाच. चाळीस मिनिटे टिपणिसांनी कापडाचे बोळे दाबून धरले, हात न हलवता. सलाइनचे पाणी चढत होते, रक्त पातळ होत होते. मग रक्त थांबले. चौथ्या पिशवीवरचा दोरा मंजुळाने तिथेच कापला, पुन्हा चुकून कोणी तिला लावू नये म्हणून. आणि टेबलाशी आलेला एकही दोरा मागे ठेवायचा नाही, असा हुकूम होता म्हणून तोही पुडीत गेला. प्रामाणिकपणानेच संशयाला जन्म दिला होता.

"मंग तीन दिवस का नाय बोललास?"

टिपणिसांनी चष्मा काढला. "पिशवीवर मुलाचं नाव होतं. मुलाची गोष्ट मुलानं सांगावी, म्हणून थांबलो. तुम्ही दोरे ओळखाल हे मला सुचलंच नाही. चूक माझी."

पण आवडाबाई ती आवडाबाईच. "ती पिशवी हिकडं आन." तिने पिशवी मासळीसारखी हातावर घेतली. बोटाने दाबली. तोंडाची नळी कल्ल्यासारखी उलटून पाहिली, सील शाबूत. उजेडाकडे धरून पातळी पाहिली, भरलेली. चिकटवलेल्या चिठ्ठीवरची अक्षरे तिने रघुला मोठ्याने वाचायला लावली, आणि मग मंजुळालाही, कारण एकाच्या वाचनावर काय भरवसा? दोघांनी एकच वाचले: रघुनाथ गोमाजी कोळी.

तेव्हा कुठे तिचा श्वास खाली बसला. तिने टिपणिसांकडे पाहिले. "मी जानार हे तुला दिसत व्हतं. हातभर अंतरावर पिशवी व्हती. का नाय घातलीस रं?"

"जाग्या असतात तर पुन्हा एकदा विचारलं असतं," टिपणीस म्हणाले. "झोपलेल्या होतात. विचारता आलं नाही."

आवडाबाईने हात जोडले. देवीपुढे जोडायची तसेच. मग रघुकडे वळली. तो भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडत होता. "हिकडं ये. तू चोर हाईस. पन बापाची गाठ इसरला नाईस." आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून: "ह्या रगताचं आता काय करनार?"

"तपासलेलं आहे, चांगलं आहे," टिपणीस म्हणाले. "ज्याला लागेल त्याला देऊ."

"त्याला नाव सांगशील?"

"तसा नियम नाही, आवडाबाई."

मग तिने तो उजवीकडे कललेला दोरा रघुच्या हाती दिला. "बांध परत. घेनाऱ्याला नाव नाय कळलं तरी इतकं कळू दे, का हे कुन्या घरचं हाय. बेवारशी नाय." रघुने डोळे पुसून गाठ बांधली, टोक अंगठ्याने चपटे केले. पेटीचे झाकण लागले. आणि नऊ वर्षांपूर्वी गोमाजी जो प्रश्न विचारत गेला, त्याचे उत्तर त्या दिवशी दुसऱ्या कोणासाठी तरी बांधून पाठवले गेले. मग आवडाबाईने फुंकायची नळी स्वतःच ओढून तोंडाला लावली.

दगडूला खूप ऐकून घ्यावे लागले. त्याची रक्तपेढी सुटली, नोकरी मात्र आवडाबाईने टिपणिसांकडे शब्द टाकून वाचवली. ती स्वतः जिने चढणे सोडून वर्तकनगरच्या नाक्यावर पाटी मांडून बसू लागली. शंका गेली नाही. रोग बरा होतो, स्वभाव नाही. मंजुळा कोळंबी घेताना चेष्टा करी, "मावशी, ताजी आहे ना?" आणि ती म्हणे, "नाव सांगते होडीचं, आनखी काय पायजे? तू वही काढ, नंबर लिही!" दोघी हसत, आणि पाटीतला एक मासा जास्तीचा मंजुळाच्या पिशवीत पडे. रघुला मुलगी झाली तेव्हा आजीने पाळण्याच्या दोरीला निळी गाठ बांधली. नात मोठी होऊन गाठ शिकू लागली, तर तीही निघाली डावखुरी!

हे हृदयस्था, ह्या माउलीच्या छातीतले दार तू असेच मोकळे ठेव. तिच्या शंकेला डोळा दे, तिच्या विश्वासाला आयुष्य दे. रघुच्या हाताला कष्ट दे आणि कष्टाला बरकत दे. कलावतीची चूल पेटती राहो, नातीच्या बोटांत घराची गाठ राहो आणि कल तिचा तिचा राहो. दिलेला शब्द झोपलेल्या माणसापाशीही पाळणाऱ्या त्या वैद्याचे आणि वही उघडून खरे बोलणाऱ्या त्या मंजुळेचे घर भरलेले राहो. खाडीकाठच्या त्या उंबऱ्याशी जो येईल तो नाव सांगून येवो आणि पोटभर जेवून जावो. तथास्तु म्हण, विठ्ठला!